लुधियानाची साखळी

लुधियानाच्या स्टेशनावर उतरून आपण गिल रोडकडे वळलात, की सायकलीच्या सुट्या भागांची दुकाने लागतात. अखंड सायकलीपेक्षा तिचे अवयवच येथे अधिक दिसतात: मडगार्डांच्या चळती, तारेत ओवलेली फ्रीव्हीले, गोणपाटात बांधलेल्या साखळ्या. आज पाकिस्तानात असलेल्या कमालियाचे मुंजाल बंधूही आधी अशा सुट्या भागांचाच व्यापार करीत; १९५६ साली त्यांनी या शहरात सायकली बनविण्यास आरंभ केला आणि १९८६ मध्ये त्यांच्या ‘हीरो’ची नोंद जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून गिनीज बुकात झाली.

पण आपणांस मी नेतो ते बोळाच्या तोंडाशी असलेल्या एका दुरुस्तीच्या दुकानात. (कारखाना पाहावयास परवानगी लागते, येथे बाकावर बसले की झाले.)

एक दूधवाला कॅन टांगलेली सायकल ढकलीत आला. चारच दिवसांपूर्वी घातलेली नवी साखळी पुलाच्या चढावर जोर देताच दात्यांवरून निसटे. सकाळी एक कॅन त्यापायी लवंडला होता. साखळीच खोटी, असे त्याचे म्हणणे. वृद्ध सरदारजींनी साखळीस हात न लावता फ्रीव्हीलचे दाते दाखविले. झिजून त्यांचे आकडे झाले होते.

“वीरजी, दोष जुन्या साखळीचा. ती फार दिवस चालविलीत.”

साखळी ताणली गेली, असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः तिच्या खिळ्या व नळ्या झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर फट वाढते. दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच, म्हणून नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. घरातील पट्टी लावून पाहा. १/१६ इंच वाढ दिसली की साखळी बदलावी. १/८ इंचापर्यंत थांबलात, तर बहुधा तोवर दातेही गेलेले असतात. पुढच्या चक्रास ४८ दाते आणि मागे १८ असल्यास झीज मागे आधी दिसणार, हे उघडच आहे.

दूधवाल्याने खिसा चाचपला. नवे फ्रीव्हील म्हणजे त्या दिवसाच्या कमाईतून आणखी पैसे जाणार. सरदारजींनी दुसऱ्याच कारखान्याचे एक फ्रीव्हील पुढे केले. आटे त्याच मापाचे होते, ते सहज बसले. उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात द्यावयाचे ठरले. संध्याकाळचा रतीब चुकू नये म्हणून गडी चहादेखील न घेता निघाला, आणि पुलाच्या चढावर तो सीटवरून उठून जोर देत असलेला आम्ही दोघांनी पाहिला.