बाळंतविडा

बाळंतविडा हा शब्द आमच्या वर्गातील मुलींना हल्ली फोड करून सांगावा लागतो. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि हातभर गोधडी, एवढा तान्ह्या मुलाचा संसार. आणि तो बहुधा घरच्याच बायका घरच्याच जुन्या कपड्यांतून फावल्या वेळी शिवीत. दुकानात मिळत नसे म्हणून शिवीत, हे खरे. परंतु एवढेच खरे नव्हे. नव्या कापडाला खळ असते आणि ती कोवळ्या कातडीस बोचते. दहा वर्षे धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती लुगडे तान्ह्याच्या अंगास जसे मानवते, तसे कोरे कापड मानवत नाही. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगास घ्यावी, म्हणजे ती काचत नाही. गुंडीऐवजी बंद लावावेत, कारण गुंडी तुटली की ती मुलाच्या तोंडात जावयाची. कुंचीला डोक्यावर टोपी, मानेशी चुण्या आणि पाठीवर मोकळा झोळ; त्यामुळे मूल वाढले तरी ती लवकर तोकडी पडत नाही. ही अक्कल शिवणाऱ्या बायकांची आहे, आणि तिच्याखाली कोणाचेही नाव नाही.

मूल जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी एक टाकाही घालू नये, असा संकेत काही घरांत पाळतात. त्या घरांतील आज्यांची बारा दिवसांत काय तारांबळ उडत असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक! आमच्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचा पांढरा झगा पुष्कळदा एकच शिवतात आणि तो पाठच्या भावंडांना पुरवतात. बाकी सारे इतरांसारखेच.

गोधडीला घाटावर वाकळही म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या बायका अशाच चिंध्यांची कवंदी शिवतात. त्या कडेपासून आरंभ करून फेऱ्या घालीत मध्याकडे येतात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांस दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. आमच्याकडची गोधडी इतकी नटवी नसते. पण साधा धावदोरा दोघींचाही एकच.

हे सारे वर्गात सांगणे सोपे आहे. गेल्या वर्षी आमच्या पुतणीच्या घरी ते करावयाचा प्रसंग आला, तेव्हा ते तितकेसे सोपे राहिले नाही. पुतणी नवीन पनवेलास एका इमारतीत राहते. नवराबायको दोघेही नोकरी करतात. मोठी मुलगी पाच वर्षांची, दुसरे मूल व्हावयाचे होते. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच्या आधी चार महिने वारल्या. त्यांच्या पेटीत सहा सुती लुगडी होती आणि त्यांवर एक अर्धवट शिवलेले दुपटे. वीतभर टाके घातलेले, आणि सुई तशीच टोचून ठेवलेली.

पुतणी म्हणाली, "आत्या, ह्यांना कात्री लावायची नाही. पेटी उघडली की आई घरात असल्यासारखं वाटतं."

आम्ही वाद घातला नाही. परंतु कोकणातील पावसाळा कोणाची भीड धरीत नाही. बंद पेटीत कापडास बुरशी येते. दोन लुगडी घडीवर विरलीच होती. त्या सुईला गंज चढून दुपट्यावर तांबडा डाग पसरत होता, आणि गंज सुताला खातो. सुई काढणे भागच होते. ती पुतणीने आपल्या हाताने ओढून काढली. मग डागाला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात धरले. डाग फिका झाला, गेला नाही. सुटलेला दोरा हाती घेऊन तिने पुढचे टाके घालावयास आरंभ केला. वहिनींचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. हिचे लांब आणि वाकडे. दोन्ही जेथे मिळतात ती जागा आंधळ्यालाही बोटांनी कळावी! उसवून पुन्हा घाल, असे आम्ही, शिक्षकी सवय असूनही, म्हटले नाही.

मोठ्या मुलीलाही शिवावयाचे होते. तिला आम्ही फेल्टचे रंगीत तुकडे आणून दिले. फेल्ट विणलेले नसते. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि साबण घालून चोळले की ते एकमेकांत अडकून बसतात. देशावर पिंजारी ज्या बुरणुसा करीत, त्या याच जातीच्या. दुकानातील फेल्ट बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. त्याला कसर लागत नाही, पण तापलेली इस्त्री टेकली की ते वितळते. लहान हातांना त्याचा मोठा गुण असा की, कापलेल्या कडेचे सूत निघत नाही, म्हणून कड दुमडावी लागत नाही. तिने एक पापलेट आणि एक कावळा कापला. पोटात सावरीचा कापूस भरला. डोळ्यांना मणी हवेत म्हणून ती रुसली. तान्ह्याजवळ मणी नकोत, म्हणून आम्ही काळ्या दोऱ्याचे डोळे भरले. पापलेटाला तिने डोळे दोन दिले, तेही एकाच बाजूस.

पनवेलच्या बाजारात तयार बाळंतविडा स्वस्त मिळतो. दिवसभर नोकरी करून आलेल्या आईने रात्री दिवा लावून सारे हाताने शिवावे, असा उपदेश आम्ही करणार नाही. असा उपदेश बहुधा ज्यांनी कधी सुई धरली नाही, असेच लोक करतात. पुतणीनेही झबली-टोपडी विकतच आणली.

मूल जून महिन्यात झाले. जुलैत काही वाळेना. आजीचे दुपटे रात्री पंख्याखाली दोरीवर टाकले तरी सकाळी दमट ते दमटच. एका दुपट्याने भागेना आणि बाजारची दुपटी अंगाखाली गोळा होत. तेव्हा पुतणीने स्वतःच दिवाणखान्यातील खुर्च्या सरकवून एक लुगडे फरशीवर पसरले आणि कात्री मागितली. एका नऊवारी लुगड्यात तान्ह्याची चार थरांची गोधडी बसते आणि वर दोन दुपटी निघतात. ऑगस्टात दुसरे पसरले. पेटीत आता चार लुगडी उरली आहेत, आणि त्यांतले हिरव्या काठाचे आपल्या बाहुलीला पाहिजे, असे मोठीने सांगून ठेवले आहे.