पाण्यातली सम

पाण्याखाली कुणीही सुंदर दिसतं. ओढणी आपोआप लहरते, केस पसरतात, नुसता हात वर केला तरी त्यात लय असल्याचा भास होतो. म्हणून समुद्रातल्या नृत्याचे फोटो पाहिले की मला आधी शंका येते: यात नाच किती आणि पाणी किती?

अंदमानात, स्वराजद्वीपजवळ सहा-सात मीटर खोलीवर एका कथक नर्तकीचे फोटो काढताना ही शंका बळावली. कथकचा सगळा व्यवहार जमिनीशी. तत्कारात, म्हणजे पदन्यासात, वजन जमिनीवर टाकायचं, तीनदा घेतलेल्या बोलाची तिहाई संपवून पाय समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. समुद्र ते वजनच काढून घेतो. घेराखाली कमरेला शिशाची वजनं बांधलेली, तरी सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून मोठा श्वास घेतला की तिच्या टाचा सुटायच्या. सोबतच्या डायव्हरचा, म्हणजे बडीचा, हात लगेच तिच्या खांद्यावर. खाली सिलिंडरची हवा घेतलेल्या माणसाने श्वास रोखून वर यायचं नसतं. दाब उतरतो तशी हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. चक्कर घेतली तर ती थांबवता यायची नाही, घेर आपला फिरतच राहायचा.

त्यात तिला मी दिसत नव्हतो. मास्कशिवाय सगळं धूसर, खारं पाणी डोळ्यांना झोंबतंय, आणि कपाळावर आठी मात्र नको! लाल रंग तर पाणी सगळ्यात आधी गिळतं. तिची ओढणी खाली काळपट दिसायची. फ्लॅश पडला की क्षणभर लालभडक. तोही समोरून मारायची सोय नाही. पाण्यातला कण न् कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. दिवे दोन्ही बाजूंना लांब ताणून ठेवायचे.

ज्युली गोतिए या फ्रेंच फ्रीडायव्हरने 2018च्या ‘आमा’ या लघुपटात असाच पाण्याखालचा नाच, पण श्वास रोखून, सिलिंडरशिवाय केला आहे. त्यात ती तळाला पाय टेकून चालते, ते मला तिच्या गिरक्यांपेक्षा जास्त आवडतं. पण ते चित्रीकरण इटलीतल्या वाय-40 या 42 मीटर खोल जलतरण तलावातलं. तिथे लाट नाही. समुद्रात डोक्यावरून लाट गेली की नर्तकी, मासे आणि मी, सगळे एकदम हातभर सरकतो. आधी जुळवलेली फ्रेम गेलीच.

समुद्र जी सम देत नाही ती शटर देतं, अशी मी आपली समजूत करून घेतली होती. संध्याकाळी लॅपटॉपवर तिने माझी लाडकी फ्रेम, ओढणीची पूर्ण कमान असलेली, झटकन पुढे ढकलली. निवडली ती मी बाद केलेली: टाच वाळूत रुतलेली, गाळ उसळलेला, अर्धा चेहरा त्यात गेलेला.

“इथे पाय पडलाय माझा,” ती म्हणाली. आणि पुढच्या खेपेला घोट्यांनाही वजनं बांधता येतील का, ते बडीला विचारायला उठून गेली.