ऑपरेशन आधी का नाही?

सुरतच्या भेस्तानला लूमवर राबणाऱ्या आम्हा खानदेशी माणसांचं कॅन्सरबाबत एकच गणित: गाठ दिसली की काढून टाका. म्हणून आमच्या नानांच्या गुदाशयात गाठ निघाल्यावर डॉक्टर ‘ऑपरेशन शेवटी’ म्हणाले, तेव्हा मी चक्रावलोच.

‘साहेब, तोवर पसरली तर?’

त्यांनी एमआरआयच्या फिल्मवर पेन टेकवलं. गाठ पार कडेला पोचली होती. आधी रेडिएशनचा शेक आणि केमोने ती आकसली, तर नीट काढता येते आणि पोटावर कायमची पिशवी टळण्याची आशा वाढते. इतरत्र निसटलेल्या पेशींनाही औषध लवकर गाठतं.

तेवढ्यात अमळनेरहून चुलतभावाचा फोन: ‘अमेरिकेत नुसत्या इंजेक्शनने गाठ जाते म्हणे!’ बातमी खरी होती. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने डोस्टार्लिमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचे निकाल सांगितले. पहिल्या बाराही रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली, तीही केमो, शेक, ऑपरेशनशिवाय. पण त्या सगळ्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. असे रुग्ण शंभरात पाच-दहाच. बाकीच्यांवर नुसती इम्युनोथेरपी फारशी चालत नाही.

नानांचं काय, ते बायोप्सीच्या ब्लॉकवरून कळणार होतं. मेणात बसवलेला मांसाचा नखाएवढा तुकडा उन्हात वितळू नये म्हणून डब्यात घालून मी लॅबला नेला. रिपोर्ट आला: यंत्रणा शाबूत.

‘म्हणजे इम्युनोथेरपी बाद?’

‘केमोला जोडून देऊन बघताहेत,’ डॉक्टर म्हणाले. केमो-शेकाने मेलेल्या पेशी शरीराच्या शिपायांना शत्रू ओळखायला मदत करतात, इम्युनोथेरपी त्यांचा लगाम सोडते. चीनमधल्या ‘युनियन’ चाचणीत पाच दिवस शेक, मग केमोसोबत कॅमरेलिझुमॅब आणि नंतर ऑपरेशन असा क्रम होता. काढलेल्या भागात कॅन्सरची पेशीच उरली नाही, असे शंभरात सुमारे 40 निघाले. नेहमीच्या पद्धतीत 15. पण लगाम सुटलेले शिपाई थायरॉइड, आतडी, फुप्फुसांवरही धावून जाऊ शकतात आणि खर्च लाखांत जातो. अजून ही सगळ्यांसाठीची रूढ पद्धत नाही.

नानांना शेक आणि केमोच ठरली. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या सलाईननंतर माठातलं पाणी घशाला टोचायचं, गार नळाखाली बोटांना झिणझिण्या यायच्या. ऐन उन्हाळ्यात ते कोमट पाणी प्यायचे.

घरात असा आजार निघाला, तर बायोप्सीवर ही दुरुस्तीची यंत्रणा पाहणारी एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली का, हे पहिल्याच भेटीत विचारा. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शनसाठी गावाकडचं शेत विकायला काढू नका.