दुपारची जमा

नांदगावच्या तिठ्यावरील बाजार दुपारी एकच्या सुमारास झोपी जातो. मुंबई-गोवा महामार्गावरून वाहने धावत असतात. दुकानांची दारे मात्र चार वाजेपर्यंत उघडत नाहीत. बाहेरगावचे व्यापारी या रिवाजाला कोकणी आळस म्हणतात. अण्णांच्या घरात गेल्या वर्षापासून हेच तीन तास कमाईचे ठरले आहेत. अण्णा दुकान बंद करून घरी येतात, गाडी मागील अंगणात उभी करतात आणि तिची तार भिंतीवरील प्लगला जोडून मगच हातपाय धुतात.

गाडीचा विषय घरात निघाला तो आजींच्या आजारपणामुळे. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना कणकवलीला न्यावे लागते. धान्य-किराण्याच्या धंद्यात दोन फेऱ्यांचे पेट्रोल सहज खपून जाते. तरी वर्षाअखेरीस खतावणीत तो आकडा वेगळा दिसू लागला. मुलाने विजेवरच्या गाडीचा आग्रह धरला. अण्णांना मे २०२१ मधील तौक्ते वादळ आठवत होते. घरात अंधार, फोन मुके, रस्त्यावर आडवी झाडे. अशा दिवशी गाडीत वीज नसेल तर आईला न्यायचे कशातून, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मुलाजवळ नव्हते.

मग वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचा शोध सुरू झाला. घरच्या प्लगवर भरायची, रोजच्या फेऱ्या विजेवर करायच्या आणि अडीअडचणीला टाकीतील पेट्रोल वापरायचे, ही कल्पना व्यापारी मनाला पटणारीच आहे. २०१० साली अमेरिकेत आलेल्या शेव्हरोले व्होल्टमध्ये अशी १६ युनिटची बॅटरी होती. आपल्याकडे मात्र प्लगची हायब्रिड गाडी मिळते ती श्रीमंती थाटाची. मध्यमवर्गाच्या आवाक्यातील ग्रँड व्हिटारा किंवा हायराइडर या हायब्रिड गाड्यांना प्लगच नाही. त्यांची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान आणि ती चालत्या गाडीतूनच भरते. छपरावर कितीही ऊन पडो, त्यांच्या ते उपयोगाचे नाही. ‘हायब्रिड’ हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंना लावल्याने कितीतरी ग्राहकांची फसगत होत असावी.

शेवटी ३० युनिट बॅटरीची, निव्वळ विजेवरची जुनी गाडी घेतली आणि घरातील पेट्रोलची गाडी विकली नाही.

त्याआधीच घराच्या स्लॅबवर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसले होते. मुलाला ५ हवे होते. अण्णांनी हिशेब मांडला: २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान ३ किलोवॅटपर्यंतच वाढते, पुढे ते ७८,००० रुपयांवर थांबते. शिवाय महावितरणचे खाते हे दुकानातील उधारीच्या वहीसारखेच आहे. दिवसा तारेत गेलेली जादा वीज जमा, रात्री घेतलेली नावे, शिल्लक पुढील बिलात ओढायची. पण ३१ मार्चला खाते मिटते आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण मोजतो त्याहून बराच कमी असतो. गरजेपेक्षा अधिक साठवून करायचे काय?

स्वच्छ दिवशी पॅनेल १२ युनिटच्या आसपास वीज देतात. चार्जर १० अँपिअरवर ठेवला की तासाला दोन-सव्वादोन युनिट गाडीत जातात. तीन तासांत साडेसहा युनिट, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. कणकवलीची एक फेरी भागून थोडे उरते. रात्री प्लग लावला तरी जमाखर्च जुळतोच; पण ती वीज औष्णिक केंद्रातून आलेलीही असू शकते, म्हणून अण्णा दुपारच सोडत नाहीत. पॅनेल पुसण्याचे काम आजींनी स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले आहे. पाणी गाळलेले, तेही तांब्याभर, आणि आधी मुंग्यांची रांग नाही ना हे पाहायचे. वानरांना मात्र कोणताच नियम लागू नाही. एकदा त्यांनी वायरिंगचा पाइप उपटून दाखवला.

पहिल्याच पावसाळ्यात अण्णांची भीती समोर उभी राहिली. आषाढात फांदी पडून तारा तुटल्या, वीज गेली. सकाळी पावसाने उघडीप दिली, ऊन पडले, तरी छपरावरून एक युनिट खाली येईना. मुलगा चक्रावला. तंत्रज्ञाने सांगितले की बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तसे झाले नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. ते ऐकल्यावर आजी म्हणाल्या, “मग बंद पडला ते बरेच झाले.” त्यांच्या डायलिसिसचा तो दिवस होता. गाडीत निम्मी वीज होती. तेवढ्यात कणकवली सहज झाली. पेट्रोलची गाडी अंगणात तयार उभी होती, पण ती काढावी लागली नाही.

तेव्हापासून पावसाळ्यात काटा निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा नेम आहे. ढगाळ दिवसांत पॅनेल तीन-चार युनिटांवर येतात. पण चातुर्मासात आजी उपचाराचा आगार राखून गावाबाहेर जात नाहीत, अण्णाही कोल्हापूरची खरेदी आधीच उरकतात. त्यामुळे गाडीची भूकही त्याच महिन्यांत कमी असते. कोल्हापूरला मात्र अजून पेट्रोलचीच गाडी जाते, कारण घाट चढून शंभराच्या आसपास किलोमीटर जायचे आणि माल भरून परतायचे. मुलाला ते आवडत नाही. दोघांत त्यावरून दर महिन्याला वाद होतो, आणि तो चार वाजता, तार काढून दुकानाकडे निघताना, अर्धवट राहतो.