दारूचं माप आणि गजावरची रेघ

भात दुधात आलंय, डुकरांचे कळप रात्री मळ्यात उतरायला लागलेत. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून दारूच्या मापाबद्दल लिहितो.

दारू जास्त तर मार जास्त, ही समजूत पक्की. पंपाला २० मिली सांगितलं तर ४० टाकणारे आपणच ना! मीही तेच केलं. वडिलांकडचं पितळी माप होतं, ते सांगायचे, "दारू म्हणजे काय मीठ न्हय, अंदाजान घालूक." ते गेल्यावर एका वर्षी मी मापावर चिमूट वाढवली, मग आणखी चिमूट. खांदा आठ दिवस काळानिळा. बांधाला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर बघितलं तर छर्रे पहिल्यापेक्षा जास्त फाकलेले. नळीत जळते तेवढीच दारू कामाची, बाकीची तोंडाबाहेर जाळ आणि धूर. नळीवर ताण मात्र सगळ्याचा येतो.

आणि आपल्याला हवा असतो आवाज. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, वन खात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. नुसत्या आवाजाला छर्रे लागत नाहीत, दारूही कमी पुरते.

आता पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिकडे ठासणीच्या रायफलीने हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्यात माणूस सांगतो, साठ ग्रेन. आपला पोरगा ऐकतो ग्रॅम! ६० ग्रेन म्हणजे चार ग्रॅमलाही थोडं कमी. ग्रॅम समजून भरली तर पंधरा पट. शिवाय त्यांची नळी आट्यांची, गोळी एकच. आपली नळी गुळगुळीत, छऱ्यांची. त्यांचा आकडा आपल्या कामाचा नाही. म्हणून माझंही माप इथे लिहीत नाही. नळीचं तोंड, जाडी, दारूचा दाणा, सगळं वेगळं. बारीक दाणा भरभर जळतो, ताण जास्त. आपल्या बंदुकीचं माप परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घेऊन ठरवा. आणि काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत कधीच नाही, चिमूटभरसुद्धा नाही. तिचा ताण कितीतरी पट, नळी फुटते.

खरी गोष्ट पुढेच आहे. चार वर्षांपूर्वी, असेच दिवस. माळ्यावर बसून बंदूक ठासली, टोपी लावली नव्हती. खालून हाक आली, "जेवाक येताय मा?" जेवून परत आलो, बोलत बोलत पुन्हा माप ओतलं, बोळा घातला, ठासलं. मुलगा बॅटरी धरून होता. म्हणाला, "बाबा, गज वर कित्याक ऱ्हवलो?"

गजावर वडिलांनी कानशीने दोन रेघा केल्या होत्या. रिकाम्या नळीची एक, भरलेल्या नळीची एक. भरलेली रेघ नळीच्या तोंडाशी यायला हवी होती, ती चार बोटं वर. नळीत दोन बार होते, आणि माझा हात टोपीच्या डबीकडे गेलेला.

उडवून टाकावं असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नाही उडवलं. नळीत तोंडाकडून पाणी ओतलं, दारू भिजवली, तोंड माणसापासून लांब करून ठेवली, सकाळी परवान्यासह कारागिराकडे नेली. त्याने दोन्ही बोळे उपसून काढले. मला बोलला मात्र काही नाही. त्या रात्री डुकरांनी दोन कुणगे लोळवले.

उलटही होतं. बोळा दारूवर नीट न बसता मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुगते. आपल्या दमट हवेत जळलेल्या दारूची राख पाणी ओढते, चिखल होतो आणि पुढचा बोळा मध्येच अडकतो. तेव्हाही रेघ वरच दिसते. म्हणून वापर झाला की कढत पाणी, कोरडं फडकं, तेल. टोपी लावूनही बार नाही झाला तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा, कधी कधी उशिरा उडतो. काथ्याचा बोळा धुमसत बाहेर पडतो, काजूच्या बागेत सुक्या गवतावर पडला तर वणवाच.

डबीतून थेट नळीत कोणी ओतू नका. आधी मापात, मग नळीत. नळीत निखारा राहिला असेल तर हातातली सगळी डबी पेटते.

यंदा मुलगाच माळ्यावर असतो, मी शेजारी बसतो. गजावरच्या रेघा पुसट झालेल्या, परवा कानशीने पुन्हा खोल करून घेतल्या.