सायकलवरून सावंतवाडी

शाळेच्या वाचनालयासाठी पैसे जमवायचे आणि पुण्याहून सावंतवाडीपर्यंत सायकल हाणायची. "दोन्हीचा संबंध काय रे?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण नुसती वर्गणी मागितली की लोक विषय बदलतात. सायकलने निघालोय म्हटलं, की रोज "कुठवर पोचलात?" विचारतात आणि पाकीटही उघडतात.

खंबाटकीने घामटा काढला. तेव्हा साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा होता, पुण्याहून जाणाऱ्यांना मात्र घाट! मागून ट्रकांची घरघर, पुढे नुसता चढ. वहिनी सगळ्यात हलका गिअर टाकून, कुणाशी अवाक्षर न बोलता, आमच्या आधी माथ्यावर. आम्ही धापा टाकत पोचलो, तर ती निवांत चेनला तेल सोडत बसलेली. मागच्या टेम्पोत आत्या. तिच्याकडे केळी, गूळशेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी आणि या सगळ्याहून जास्त सूचना.

कोल्हापुरात पांढरा रस्सा जरा जास्तच झाला. मग संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा. आंबोलीचा उतार सोपा जाईल हा आमचा समज पहिल्या वळणांतच गळून पडला. ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर. थांबून रिमला हात लावला, तर चटका बसला. मला विचाराल तर खंबाटकी परवडली.

वाचनालयाची कपाटं जमलेल्या पैशांतून होतील. तुमच्या घरी मुलांची वाचून झालेली पुस्तकं असतील, तर रद्दीत घालू नका, आम्हाला द्या.