दगड उलटून पाहताना

भातसा नदी खडवलीला ऐन उन्हाळ्यातही वाहते, यात तिचं स्वतःचं कर्तृत्व फार नाही. वर शहापूर तालुक्यातल्या धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध केलं जातं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसाचा. म्हणजे मे महिन्यात ठाण्या-डोंबिवलीची मंडळी ज्यात डुंबतात, ते मुंबईकरांच्या नळाकडे निघालेलं पाणी. दिसायला नितळ. पण नितळ म्हणजे निरोगी का, हे मी तळाच्या किड्यांना विचारते.

बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं, आकडा छान येतो. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं. पहाटे पाण्याचा जीव घुसमटतो तेव्हा नमुना घ्यायला कोणी आलेलं नसतं. रात्री कुणी टँकर रिकामा केला, तर सकाळपर्यंत ते पाणी पुढे गेलेलं असतं. दगडाला धरून बसलेली अळी कुठे जाणार? काही आठवडे, काही जातींत वर्षभर, जे वाहत येईल ते ती सोसते, नाहीतर मरते.

अशा अळ्या पकडायला जागा नीट निवडली की निम्मं काम झालं. डोह नको. घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली पाणी आणि दगडांवरून खळाळणारी धार हवी. जाळीचं तोंड प्रवाहाकडे धरायचं, आपण तिच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि पायाने तळ ढवळायचा. मोठे दगड जाळीसमोर हाताने चोळायचे. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि गप्प बसायचं. नवशिके इथेच घाई करतात. आधी नुसती वाळू आणि काड्या दिसतात. थोड्या वेळाने त्यातली चिमूटभर वाळू चालू लागते: कॅडिसफ्लायची अळी, अंगाभोवती रेशमाने कण चिकटवून घर केलेली. मग मेफ्लायची अळी सापडते. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची इवली पानं. ट्रेमधलं पाणी कोमट झालं की ती जोरात फडफडतात. तिला बहुधा तीन शेपट्या असतात, पण दोन दिसल्या म्हणून लगेच स्टोनफ्लाय म्हणू नये. भिंगाखाली पाय बघावा: मेफ्लायच्या पायाला नखी एक, स्टोनफ्लायच्या दोन.

काठावर कपडे धुणाऱ्या मावशी विचारतात, "काय गावलं का गं?"

"किडे, मावशी."

"पाण्यात किडे? मंग पानी खराबच म्हनायचं!"

शिकलेल्या माणसांचंही मत हेच असतं. खरं म्हणजे किडे आहेत का, यापेक्षा कोणते आहेत, हे बघायचं. भरपूर प्राणवायू लागणाऱ्या स्टोनफ्लाय आणि चपट्या मेफ्लाय घाणीत आधी संपतात. उलट कायरोनोमिड माश्यांच्या काही लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे गुदमरलेल्या गाळातही त्या तग धरतात. 1970च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये याच आधारावर प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण देण्याची पद्धत बसवली गेली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिच्यात इथल्या परिस्थितीला साजेसे बदल करून, सोबत जातींची विविधता धरून, पाण्याचे पाच वर्ग पाडले.

गुणांचा तक्ता हाती असला तरी खडवलीत तो डोळे मिटून वापरता येत नाही. धरणाचा विसर्ग घटला की काठचे दगड उघडे पडतात आणि त्यांवरचे जीव वाळून जातात. तिथे कुळं कमी भरली, तर दोष घाणीचा की चढउताराचा? म्हणून मी एकटा आकडा मानत नाही. त्याच दिवशी, तशाच धारेत, सहलीच्या जागेच्या वर एक नमुना आणि खाली एक. गाड्या धुणं, साबण, उष्टं-खरकटं यांचा हिशेब त्या दोहोंतल्या फरकात निघतो. पावसाळ्यात हे करू नये. पूर तळच खरवडून नेतो आणि माणसालाही सोडत नाही. पाणी उतरल्यावर किडे परतायला काही आठवडे द्यावेत. थंडीचे दिवस सगळ्यात बरे. (अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडलेल्या वालधुनी नदीचा निकाल द्यायला जाळी लागत नाही, नाक पुरतं.)

शाळांनी हे करायला हरकत नाही. जाळी, ट्रे आणि भिंग एवढ्यावर भागतं, आणि कुळापर्यंतची ओळख मुलं चटकन शिकतात. खडवलीला जाल तेव्हा काठाच्या उथळ धारेत एक दगड उलटून बघा. पाणी वाढताना दिसलं तर लगेच बाहेर या. आणि बघून झालं की तो दगड होता तिथेच, खालची बाजू खाली करून ठेवा. अळ्या त्याच बाजूला राहतात.